आधी बसा, मग बोला

ऑपरेटरबाईंना फोन केला की त्या अजूनही ‘हॅलो’ म्हणत नाहीत. ‘बोला, कोणता नंबर हवाय?’ असं म्हणतात आणि मग स्वतःच जीभ चावतात. एकदा पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणाऱ्या मुलीचा फोन आला. बाईंचा प्रश्न ऐकून ती बिचारी इतकी गोंधळली की ‘सॉरी, चुकून लागला’ म्हणून तिनेच फोन ठेवला. भाची हसून म्हणाली, “मामी, या लोकांना घालवायची युक्ती झकास आहे हं तुझी!” युक्ती कसली! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, एवढंच.

बाईंनी आपलं सगळं तारुण्य ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढलं. परगावी बोलायचं तर आधी ऑपरेटरला सांगावं लागायचं, तो काळ. लांबलचक खोली, भिंतीला लागून बोर्ड, बोर्डावर छिद्रांच्या रांगा आणि समोर दोऱ्या. दिवा लागला की दोरीचा प्लग छिद्रात खुपसायचा आणि विचारायचं, ‘बोला, कोणता नंबर हवाय?’ पावडरचा, तापलेल्या तारांचा आणि डब्यांतल्या जेवणाचा मिळून एक वास त्या खोलीला होता. तो वास पुन्हा कुठे येत नाही, म्हणून बाई अजून हळहळतात. एक्स्चेंज बंद पडलं, दोऱ्या भंगारात गेल्या, आणि आता त्या खोलीत तरणी माणसं व्यायामाच्या यंत्रांवर घामाघूम होऊन जागच्या जागी धावत असतात. बाई तिथून जाताना मान फिरवतात. जागच्या जागीच धावायचं तर घरी काय वाईट होतं, असं त्यांचं मत आहे.

तिथल्या सुपरवायझरला मुली ‘मोठ्या बाई’ म्हणायच्या. फार कडक. त्यांच्या चपलांचा आवाज आला तरी पाठी ताठ व्हायच्या. नव्या मुलीला त्या पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायच्या. “घाई करणाऱ्याला आधी थांबवायचं. खरा असेल तर थांबेल, खोटा असेल तर चिडेल. आणि कोणी म्हणालं मी अमका बोलतोय, की त्याला फोन ठेवायला सांगायचं आणि अमक्याच्या नंबरावर आपण उलटा फोन करायचा.”

या उलट्या फोनाने बाईंनी एकदा मोठी गंमत केली होती. कापडगिरणीच्या मालकाच्या नावाने कोणीतरी गुरकावलं, “मी शेठ बोलतोय, अर्जंट लाइन दे, नाहीतर नोकरी घालवीन!” बाई तेव्हा नवीन. पण हात शिकवल्याप्रमाणे चालला. उलटा फोन लागला तो शेठजींच्या बायकोला. ती म्हणाली, “अगं, ते अंघोळ करतायत. नळाला पाणी कमी आहे म्हणून ओरडतायत, ऐकू येतंय का?” ऐकू येत होतं. शेठजींच्या नावावर फुकट बोलू पाहणाऱ्या त्या भामट्याने परत काही फोन केला नाही.

पण बोर्डावरची खरी आठवण वेगळीच. लाकडाच्या वखारीतला एक कारकून रोज परगावचा कॉल मागायचा. बाकीचे लोक ऑपरेटर म्हणजे भिंतीतलं यंत्रच समजायचे. नंबर मागायचे, उशीर झाला की डाफरायचे. हा मात्र नंबर सांगायच्या आधी विचारायचा, “ऑपरेटर, जेवलात का?” पहिल्यांदा बाईंना वाटलं, आगाऊ दिसतोय. मग वाटलं, चौकशी तर करतो. पुढे असं झालं की तो दिवा लागायच्या वेळेला बाई उगाच केस सारखे करू लागल्या, जसं काही तारेतून दिसणारच होतं! शेजारच्या मुली खोकायच्या. एक दिवस ड्यूटी सुटल्यावर बाई बाहेर आल्या, तर एक्स्चेंजच्या दारासमोरच्या बाकावर एक किडकिडीत माणूस अंगावरचा भुसा झटकत बसला होता. बाई दिसल्यावर उठला आणि म्हणाला, “जेवलात का?” आवाजावरून ओळख पटली. त्या बाकाची फळी मोडकी होती. ती पुढे त्यानेच वखारीतून आणून बदलली आणि लग्न होईपर्यंत रोज संध्याकाळी त्यावर बसून वाट पाहिली. लोक त्यांना वखारवाले म्हणायचे.

वखारवाले निवृत्त झाले आणि घरात बसून बाईंच्या मागे लागले. डब्यांची झाकणं अदलाबदल कर, घड्याळं उघडून ठेव, दिवसभर हेच. शेवटी भाचीने आपला जुना कॉम्प्युटर आणून टेबलावर मांडला. “मामा, हा गेम खेळा. मामीला जरा श्वास घेऊ द्या.” त्या गेममध्ये प्रत्येकाला आपल्या नावाचा एक बाहुला आणि जमिनीचा एक मोकळा तुकडा मिळतो. घरं बांधा, झाडं लावा, जनावरं पाळा. दुसरे खेळाडू तुमच्या फाटकातून आत येऊ शकतात, गप्पा मारू शकतात. आधी वखारवाल्यांना माऊस धरता येईना, मग सोडता येईना. त्यांची एक टोळीच जमली. त्यात एक निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर होता. गेममध्ये तो जहाजाच्या कप्तानाची निळी टोपी घालायचा, म्हणून त्याचं नाव कप्तान. टोळीतल्या कोणीच कोणाला कधी समोरासमोर पाहिलं नव्हतं, पण एकाला शिंक आली की सगळे औषध सुचवायचे.

वखारवाल्यांना शहाणपण मात्र फुकट आलं नाही. एक दिवस त्यांना निरोप आला, ‘अभिनंदन! तुम्हाला पांढरा घोडा मोफत मिळाला आहे. इथे दाबा, नाव आणि पासवर्ड लिहा.’ ज्या माणसाने आयुष्यभर फळ्या मोजून दिल्या, एक ढलपीही कोणाला फुकट दिली नाही, त्याने फुकटच्या घोड्यासाठी पासवर्ड लिहून दिला. सकाळी पाहतात तर घर गेलं, गाई गेल्या, झाडंही गेली, आणि ओसाड तुकड्यावर त्यांचा तो बाहुला नुसत्या चड्डीत उभा. चोराने अंगावरचे कपडेसुद्धा विकले होते. बाईंना हसू आवरेना. भाचीने कंपनीला लिहून खातं परत मिळवलं, पण गेलेल्या वस्तू काही परत आल्या नाहीत. कप्तानाने आपला एक कोट दिला, तेव्हा कुठे अब्रू झाकली गेली.

मग वखारवाले म्हणाले, “नव्यानेच बांधायचंय, तर ओळखीचं बांधतो.” आणि त्यांनी तो रस्ता बांधला. ट्रंक एक्स्चेंजची इमारत, दाराच्या पायऱ्या, कोपऱ्यावरचा दिवा, पलीकडे वखार. बाई मागे उभ्या राहून चुका काढायच्या. “अहो, खिडकी डावीकडे होती.” “तू आत होतीस, बाहेरून मी बघत होतो.” असं भांडत भांडत रस्ता पूर्ण झाला, आणि दारासमोर बाक आला. त्या बाकाबरोबर एक नियमही आला. फाटकातून आत आलेल्या माणसाने आधी बाकावर बसायचं, मग बोलायचं. बसायचं म्हणजे एक बटण दाबायचं, पण ते दाबल्याशिवाय वखारवाले कोणाला उत्तरच द्यायचे नाहीत. बाईंनी विचारलं, “हे काय खूळ?” तर म्हणाले, “भामट्याला बसायला वेळ नसतो.” टोळीच्या अंगवळणी पडलं. यायचं, बसायचं, मग बोलायचं.

वखारवाले गेले त्याला आता वर्ष उलटून गेलं. बाईंनी त्यांचा फोन बंद केला नाही आणि कॉम्प्युटरही हलवला नाही. दुपारचं जेवण झालं की त्या गेम उघडतात. वखारवाल्यांचा बाहुला बाकाच्या मधोमध, दाराकडे तोंड करून बसलेला असतो. बाई त्याला उठवतात, झाडांना पाणी घालतात, पुन्हा बसवतात. खेळ असा त्या खेळत नाहीत. टोळीतलं कोणी आलं तर दोन शब्द बोलतात, पण वखारवाल्यांच्या नावाने नाही. ‘ऑपरेटर बोलतेय’ असं आधी लिहितात. तेव्हाचा तो रस्ता आता जगात त्या पडद्यावर सोडून कुठेच उरलेला नाही. बाईंच्या पोटात सदा एक भीती असते, की एखाद्या दिवशी पडदा उघडावा आणि रस्ता नसावा.

आणि एका दुपारी नेमका त्या भीतीलाच कोणीतरी हात घातला.

बाई झाडांना पाणी घालत होत्या. कप्तानाची निळी टोपी कुंपणावरून उडी मारून आत आली आणि लिहू लागली. “वहिनी, लवकर! कंपनी गेलेल्या माणसांची खाती आज बंद करतेय. माझ्या भावाचं मी आत्ताच वाचवलं. वखारवाल्याच्या फोनवर एक कोड येईल, तो मला पाठवा, मी त्याचं खातं वाचवतो. थोडाच वेळ आहे!”

टेबलावर वखारवाल्यांचा फोन वाजला. कोड आला होता. कोडाच्या खाली ‘हा कोणालाही सांगू नका’ असं लिहिलेलं होतं, पण धास्तावलेल्या माणसाला खालची ओळ दिसत नाही. त्यातून बाईंची ती जुनी सवय! नंबर मागितला की द्यायचा, हे त्यांच्या बोटांना तीस वर्षं शिकवलेलं. बोटं चालू लागली. अर्धे आकडे लिहून झाले आणि पुढचे बघायला त्यांनी मान वळवली, तेव्हा पडद्याचा कोपरा दिसला. कप्तान फुलांच्या वाफ्यात उभा होता.

कप्तान, आणि वाफ्यात? जो माणूस बाकावर बसल्याशिवाय राम राम म्हणत नाही, तो कुंपणावरून उडी मारून फुलं तुडवत उभा?

बाईंनी लिहिलेले आकडे पुसले. कुठूनतरी मोठ्या बाईंच्या चपलांचा आवाज आल्यासारखं वाटलं आणि पाठ आपोआप ताठ झाली. त्यांनी लिहिलं, “भाऊजी, आधी बसा.”

“वेळ नाहीये वहिनी, कोड द्या.”

“बसा म्हणते ना.”

“काय बसा बसा लावलंय! कोड दे, म्हातारे! नवऱ्याचं सगळं जाईल, मग रडत बस!”

खोटा असेल तर चिडेल. चिडला. बाईंना राग आला, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी अगदी ड्यूटीवरच्या आवाजात, मोठ्याने म्हणत लिहिलं, “लाइन होल्ड करा,” आणि वखारवाल्यांच्या फोनात असलेल्या नंबरावर कप्तानाला उलटा फोन लावला.

पलीकडून खरा कप्तान रडवेल्या आवाजात बोलला. “वहिनी, सकाळपासून मला गेम आत घेत नाहीये. पासवर्ड चुकीचा म्हणतोय.”

“कोणाला दिला होतात का?”

“दिला नाही हो. म्हणजे... आपल्यातल्याच एकाचा निरोप आला, स्पर्धेत मला मत दे म्हणून. दाबलं, तर नेहमीसारखंच नाव-पासवर्डाचं पान उघडलं. त्यावर लिहिलं. आता कळतंय, ते पान नेहमीचं नव्हतंच. त्याचंही खातं चोरलेलं असणार.”

“मग सकाळपासून कोणाला बोलला का नाहीत?”

“लाज वाटली. घोड्यावरून वखारवाल्याला मी किती हसलो होतो.”

“तुमच्या लाजेपायी तो तुमची टोपी घालून माझ्या दारात आला, भाऊजी! वाफा तुडवला त्याने.” आणि एवढं झापल्यावर बाईंनाच वाईट वाटलं. “जाऊ द्या. जेवलात का?” कप्तान जेवला नव्हता.

त्या चोराला सगळं ठाऊक होतं. कप्तान बाईंना वहिनी म्हणतो, वखारवाले गेलेत, कप्तानाला भाऊ होता, हे सगळं जुन्या गप्पांत लिहिलेलं होतं आणि त्याने ते वाचलं होतं. बाकावर बसणं तेवढं कोणी कधी लिहिलं नव्हतं. ते नुसतं करायचं असतं.

भाची संध्याकाळी धावत आली. तिने पासवर्ड बदलला, पासवर्डानंतरही विचारणा करणारं दुसरं कुलूप लावलं, चोराची तक्रार कंपनीला केली, आणि खाती वगैरे कोणी बंद करत नाहीये, हेही कंपनीकडून लेखी मागवलं. पण तोवर बाईंनी आपलं काम सुरू केलं होतं. टोळीतल्या प्रत्येकाला त्या फोन लावत होत्या. कोणी दळण आणायला गेलेलं, कोणी नातवाला झोपवत होतं, एकीने तर चोराला कोड द्यायला फोन हातात घेतलाच होता. “आधी माझं ऐका. घाई करणारा कोणीही असो, त्याला थांबवा. कोड मागितला तर देऊ नका. फुकट काही मिळत असेल तर आमचा घोडा आठवा. आणि माणूस ओळखीचा वाटला तरी फोन करून विचारा.” एक फोन ठेवला की दुसरा. गाल लाल झालेले, पदर खोचलेला. भाची नंतर सांगत होती की मामा गेल्यापासून मामी एवढी आनंदात तिने पाहिली नव्हती. बाई तिच्यावर डाफरल्या, “आनंद कसला, कामं पडलीत!” पण खोटं कशाला बोला, त्यांना एक्स्चेंजच्या खोलीचा तो वास आला होता.

कप्तानाचं खातं काही परत मिळालं नाही. चोराने ते तिसऱ्यालाच विकलं होतं. बरेच दिवस कप्तान फिरकला नाही. मग एका दुपारी फाटक उघडून एक कोरा बाहुला आत आला. टोपी नाही, कोट नाही, पायात जोडेसुद्धा नाहीत. बाईंनी काही विचारायच्या आत तो बाकाकडे गेला आणि टोकाला अंग चोरून बसला. बाईंनी लगेच लिहिलं, “ऑपरेटर बोलतेय. या भाऊजी.” तरी नियम तो नियम, म्हणून उलटा फोनही केला. कप्तानाने तो हसत उचलला.

“असे टोकाला काय बसलात? यांच्या पलीकडे एवढी जागा आहे की.”

“छे! तिथे नाही बसायचं. वखारवाला बसू द्यायचा नाही कोणाला.”

“का?”

“तुम्हाला ठाऊक नाही? आम्ही सगळे याच बाजूला दाटीवाटीने बसायचो. ती बाजू मोकळी ठेवायचा तो. एकदा मी चुकून बसलो, तर फोन करून म्हणाला, ऊठ तिथून, तिची ड्यूटी सुटायची वेळ झालीय.”

फोन बाईंनी तसाच कानाला धरून ठेवला. कप्तानही शहाणा, त्यानेही आपला फोन ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी बाई भाचीला म्हणाल्या, “मला माझं वेगळं खातं काढून दे.” भाचीने ते बाईंच्या फोनवर काढून दिलं, दुसऱ्या कुलुपासकट. बाहुलीला कपडे कुठले घालायचे यात बराच वेळ गेला; तेव्हाच्या साडीसारखं काही तिथे नव्हतं, मग निळा झगा चालवून घेतला. भाची गेल्यावर बाईंनी कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर वखारवाले बाकावर बसलेले होते. बाईंनी हातातल्या फोनवर आपली बाहुली एक्स्चेंजच्या आत नेली, केस सारखे केले, स्वतःचे, आणि तिला दारातून बाहेर आणलं. पायऱ्या उतरताना ती दोनदा भिंतीला धडकली. बाकाशी आल्यावर बाईंनी बटण दाबलं. बाहुली मोकळ्या जागेवर बसली. मग बाईंनी लिहिलं, “अहो, जेवलात का?”

वखारवाल्यांच्या पडद्यावर ते शब्द उमटले. त्यांचा कीबोर्ड बाईंच्या समोरच होता, हात लांब केला असता तर उत्तरही लिहिता आलं असतं. पण दुसऱ्याच्या नावाने बोलणं बाईंच्या शिस्तीत बसत नाही. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि दिवेलागणीपर्यंत त्या दोघांकडे बघत बसल्या.